सॉलोमन यांचा बुटांचा धंदा आणि त्याची कंपनी: १८९२ च्या एका निर्णयाचा अभ्यास

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, हाय स्ट्रीटवर, ॲरन सॉलोमन यांचा बूट बनवण्याचा धंदा होता. हाताशी भांडवल जवळजवळ नसताना त्यांनी सुरुवात केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्याच भागात राहून ‘ए. सॉलोमन अँड कंपनी’ या नावाने तो वाढवला. पाटीवर ‘कंपनी’ असली तरी कायद्याने मालक एकटे सॉलोमन. मोठी गोदामं होती, बाजारात पत होती, आणि खरा नफा यायचा तो सार्वजनिक संस्थांच्या कंत्राटांतून.

१८९२ मध्ये त्यांनी धंदा चालू स्थितीत विकला असता तर निदान दहा हजार पौंड घेऊन निवृत्त होता आलं असतं, असा अंदाज पुढे लॉर्ड मॅक्नॉटन यांनी आपल्या निकालपत्रात मांडला. सॉलोमन यांनी धंदा विकून टाकला नाही, त्याची कंपनी केली. दीड वर्षाच्या आत ती बुडाली. १८९६ मध्ये प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, पोचलं तेव्हा सॉलोमन खटल्याचा खर्च झेपत नसलेले, निर्धन अपीलदार म्हणून तिथे उभे होते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण एका वाक्यापुरतं शिकवलं जातं: कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे. मला ते धंदा करणाऱ्याच्या बाजूने वाचावंसं वाटतं. कोर्टात काय ठरलं याआधी घरात आणि दुकानात काय ठरलं होतं, कुठले पर्याय समोर होते, त्यातला कुठला निवडला आणि निवडल्यावर आत पैसा कसा बसवला, हे सगळं या खटल्याच्या कागदांत दिसतं. माझं म्हणणं सरळ आहे. सॉलोमन यांनी निवडलेला प्रकार बरोबर होता. दोष होता तो कंपनीच्या आतल्या मांडणीत, आणि त्या मांडणीकडे आजही नवा धंदा नोंदवताना फार कमी लोक लक्ष देतात.

मुलांची मागणी

सॉलोमन यांना पाच मुलगे आणि एक मुलगी. चार मुलगे वडिलांच्याच धंद्यात काम करत होते. थोरला तिशीच्या आसपासचा, आणि जवळजवळ सगळा कारभार तोच बघायचा. पण चौघेही पगारी नोकर होते, धंद्यात वाटा कोणाचाच नव्हता. ते नाराज होते आणि वाटा द्या म्हणून वडिलांच्या मागे लागले होते. ‘ते सारखे मला छळायचे,’ असं सॉलोमन यांनी साक्षीत सांगितलं. कंपनी करण्यामागचे हेतू त्यांनी दोन सांगितले: धंदा वाढवायचा होता आणि कुटुंबाची सोय लावायची होती.

म्हणजे एकाच निर्णयाकडून तीन कामं हवी होती. मुलांना मालकीत वाटा मिळावा. वाढीसाठी भांडवल उभं राहावं. उद्या धंद्यावर संकट आलं तर घरदार त्यात जाऊ नये. ही तीन कामं एकमेकांना पूरक नाहीत. वाटा द्यायचा तर ताबा सुटतो, कर्ज घ्यायचं तर तारण द्यावं लागतं, आणि घर वाचवायचं तर धंद्याला उधार देणाऱ्यांवर जोखीम जाते. धंद्याचा प्रकार निवडणारा कोणीही आधी हे कागदावर लिहून काढत नाही, आणि मग निवडलेला प्रकार कुठल्या कामासाठी होता हेच विसरलं जातं.

समोर काय काय होतं

पहिला पर्याय, आहे तसं चालू ठेवणं. एकल मालकीत नोंदणीचा खटाटोप नाही, हिशेब कोणाला दाखवायचे नाहीत, निर्णय एका माणसाचा. पण धंद्याचं प्रत्येक देणं हे सॉलोमन यांचं स्वतःचं देणं. चामडं पुरवणाऱ्याचे पैसे थकले तर तो राहत्या घरावर येऊ शकतो. शिवाय दुसरी एक अडचण होती जिचा उल्लेख मॅक्नॉटन यांनी खास केला आहे. साधा व्यापारी डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, काढून कर्ज उभं करू शकत नव्हता. गोदामातला माल रोज बदलतो, आज आलेला उद्या विकला जातो, आणि अशा बदलत्या मालावर एकत्रित बोजा ठेवून कर्ज घेणं व्यक्तीला शक्य नव्हतं. १८८२ च्या कायद्याने व्यक्तीने माल तारण ठेवायचा तर तो यादी करून नेमका दाखवावा लागे. कंपनीला मात्र हे करता येई. यालाच तरता बोजा म्हणतात: कंपनी माल विकत राहते, नवा घेत राहते, आणि हप्ता किंवा व्याज थकून धनकोने वसुलीची कारवाई केली की त्या क्षणी जे गोदामात असेल त्यावर बोजा घट्ट बसतो.

दुसरा पर्याय भागीदारीचा. मुलांची मागणी खरं तर हीच होती. दोनच वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, इंग्लंडचा भागीदारी कायदा झाला होता. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर नफ्यात सगळे भागीदार सारखे वाटेकरी, आणि एका भागीदाराचा मृत्यू झाला की भागीदारी संपली. हे दोन्ही मुद्दे करारात बदलून घेता येतात. बदलता न येणारा मुद्दा जबाबदारीचा आहे. भागीदारीच्या देण्यांना प्रत्येक भागीदार आपल्या खासगी मालमत्तेनिशी बांधलेला. मुलगे भागीदार झाले असते तर १८९३ च्या मंदीत वडिलांबरोबर चारही संसार धनकोंच्या तावडीत सापडले असते. मुलं वाटा मागत होती, पण वाट्यासोबत ही जबाबदारी येते हे त्यांना कोणी समजावलं होतं का, हे निकालपत्रातून कळत नाही. घरगुती धंद्यात हा प्रश्न विचारलाच जात नाही, हा माझा अनुभव आहे.

मधली एक वाट मात्र होती, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. नोकराला पगार म्हणून नफ्यातला हिस्सा दिला तर तेवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही, असं १८९० च्या कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे. भारताच्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही कलम ६ च्या स्पष्टीकरणात हीच सोय आहे. सॉलोमन यांना मुलांना नफ्यात टक्केवारी देता आली असती, ताबा आपल्याकडे राहिला असता आणि मुलांवर कर्जाची जबाबदारी आली नसती. मुलांचं समाधान त्यावर झालं असतं की नाही हे सांगता येत नाही. त्यांना मालकी हवी होती. तरीही पहिली दोन-तीन वर्षं ही व्यवस्था ठेवून मग पुढचं ठरवणं शहाणपणाचं झालं असतं असं मला वाटतं.

काही भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी मर्यादित भागीदारी इंग्लंडमध्ये आली १९०७ मध्ये. मर्यादित दायित्व भागीदारी, जिला आपण एलएलपी म्हणतो, ती तिथे आली २००० च्या कायद्याने. तेव्हा १८९२ मध्ये मर्यादित जबाबदारी, म्हणजे तोटा घातलेल्या भांडवलापुरताच, हवी असेल तर एकच दार उघडं होतं: १८६२ च्या कंपनी कायद्याखाली नोंदणी. त्यासाठी किमान सात सभासद लागत. सॉलोमन यांच्या घरातूनच सात माणसं मिळाली: ते स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे. घर मोजलं आणि आकडा जुळला.

कंपनीच्या आत पैसा कसा बसवला

इथे थांबून आकडे नीट बघायला हवेत, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

कंपनीचं अधिकृत भांडवल चाळीस हजार पौंड, एक पौंडाचा एक याप्रमाणे ४०,००० भाग. १ जून १८९२ पासून धंदा कंपनीच्या नावे आला, आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा करार झाला २ ऑगस्टला. किंमत ठरली ३९,००० पौंडांच्या वर. ज्या धंद्यातून बाजारभावाने निदान दहा हजार हाती येतील असं न्यायाधीशांना वाटलं, त्याची ही किंमत. मॅक्नॉटन यांनी तिला अवाच्या सवा म्हटलं: धंद्यावर जीव असलेल्या मालकाची ती आशा होती, व्यापारी हिशेबाशी तिचा संबंध नव्हता.

ही किंमत चुकवली गेली ती अशी. सॉलोमन यांना पूर्ण भरणा झालेले २०,००० भाग मिळाले. दहा हजार पौंडांची डिबेंचर्स मिळाली, म्हणजे कंपनी त्यांची दहा हजारांची कर्जदार झाली आणि त्या कर्जाला कंपनीच्या मालमत्तेवर तरता बोजा. सुमारे एक हजार रोख हाती राहिले. उरलेल्या रकमेतून जुन्या धंद्याची सगळी देणी फेडली. घरातल्या सातही जणांनी सभासद म्हणून एकेक भाग घेतला. एकूण भाग झाले २०,००७, त्यांतले २०,००१ सॉलोमन यांचे आणि पत्नी-मुलांचे सहा.

जुनी देणी पूर्ण फेडली, ही गोष्ट मी अधोरेखित करतो. जुन्या धनकोंना मागे ठेवून माल तेवढा कंपनीत नेला असता तर कोर्टाने याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. सॉलोमन यांच्यावर फसवणूक सिद्ध झाली नाही त्यामागे हे मोठं कारण आहे. भागांची किंमत फुगवली तरी त्यातून कोणी बाहेरचा भागधारक फसला नाही, कारण लोकांकडून भाग-भांडवल मागितलंच नव्हतं. सातही जणांना सगळं माहीत होतं.

फुगवलेल्या किमतीचा परिणाम दुसरीकडे झाला. दहा हजारांची डिबेंचर्स म्हणजे त्या धंद्याच्या खऱ्या किमतीएवढं कर्ज पहिल्याच दिवशी कंपनीच्या डोक्यावर. भाग म्हणून घेतलेला पैसा अडचणीच्या काळात वाट बघतो, लाभांश नाही दिला तरी चालतो. डिबेंचरचं व्याज तारखेला द्यावं लागतं. सॉलोमन यांनी स्वतःला कंपनीचा मालक आणि तिचा सर्वांत मोठा तारणी धनको अशा दोन्ही जागी बसवलं. कायद्याने त्याला हरकत नव्हती. पण जी कंपनी वाढीसाठी काढली तिच्या तारणक्षम मालमत्तेवर पहिला हक्क जन्मतःच मालकाने घेऊन टाकला होता. बाहेरून नवं कर्ज हवं तर द्यायला उरलं काय?

आणि मुलं? धाकट्यांना एक पौंडाचा एक भाग. थोरल्या दोघांना तेवढाच, आणि सोबत संचालकपद. ज्या तक्रारीतून हे सगळं सुरू झालं ती तशीच राहिली. दहा हजार भागांमागे एकही भाग न भरेल इतका प्रत्येकाचा वाटा. कायद्याच्या चर्चेत हे सहा भाग ‘बाहुल्यांचे’ म्हणून गाजले, अपील कोर्टाच्या न्यायाधीशांनी तोच शब्द वापरला. मला त्यात खटकते ती वेगळीच बाब: धंदा ओढणाऱ्या माणसाला वाटा देण्याचं साधन हातात आलं आणि ते वापरलंच गेलं नाही.

बुडण्याची गोष्ट

ती लवकर सांगून होते. बुटांच्या धंद्यात मोठी मंदी आली. कामगारांचे संप झाले. संपाची धास्ती घेऊन सार्वजनिक संस्थांनी आपली कंत्राटं एका हाती न देता अनेकांत वाटली, म्हणजे सॉलोमन यांच्या नफ्याचा मुख्य आधारच गेला. कंपनीचा व्याप वाढवण्याच्या प्रयत्नात गोदामं न खपणाऱ्या मालाने भरली.

सॉलोमन यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी आणि पत्नीने कंपनीला पैसे उसने दिले. १८९३ मध्ये स्वतःची डिबेंचर्स रद्द करून ती ब्रॉडरिप नावाच्या गृहस्थाच्या नावे नव्याने काढून दिली, त्याच्याकडून ५,००० पौंड घेतले आणि तसेच कंपनीला दिले. ब्रॉडरिपचं व्याज थकलं. त्याने लगेच दावा केला, रिसिव्हर (धनकोसाठी मालमत्ता ताब्यात घेणारा) नेमला गेला, कंपनी अवसायनात गेली, म्हणजे ती गुंडाळायला घेतली गेली, आणि माल मिळेल त्या भावाने विकला गेला.

विक्रीतून ब्रॉडरिपचे पैसे फिटले. त्यानंतर उरले सुमारे १,०५५ पौंड. रांगेत पुढचे होते स्वतः सॉलोमन, डिबेंचर्सच्या उरलेल्या हक्कापोटी. त्यांच्या मागे बिनतारणी धनको, कंपनीला उधारीवर माल देणारे व्यापारी, ज्यांचं येणं साडेसात हजार पौंडांच्या वर होतं. सॉलोमन यांना पैसे दिले तर या व्यापाऱ्यांच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. अवसायकाने कोर्टात सांगितलं की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हा देणी त्यांनीच फेडावीत.

तीन कोर्टं

पहिल्या कोर्टात न्यायमूर्ती वॉन विल्यम्स यांनी कंपनीला सॉलोमन यांची एजंट ठरवलं: एजंटने केलेला खर्च मालकाने भरून द्यायचा. अपील कोर्टात लिंडली, लोप्स आणि के या न्यायाधीशांनी निष्कर्ष तोच काढला, वाट वेगळी धरली. सात खरेखुरे सभासद हवेत असा कायद्याचा हेतू आहे, एक माणूस आणि सहा नामधारी हा त्या हेतूला बगल देण्याचा प्रकार आहे, असं त्यांचं म्हणणं. लिंडली हे भागीदारी आणि कंपनी कायद्यातले त्या काळचे अत्यंत मान्यवर जाणकार. त्यांना हे खटकलं यावरून १८९५ मध्ये एका माणसाची कंपनी ही कल्पना किती अस्वस्थ करणारी होती ते कळतं.

१६ नोव्हेंबर १८९६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने दोन्ही निकाल फिरवले. लॉर्ड हॉल्सबरी यांचा युक्तिवाद मला फार स्वच्छ वाटतो. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असेल तर धंदा तिचा, सॉलोमन यांचा नव्हे. आणि ती स्वतंत्र व्यक्ती नसेल तर एजंट म्हणायला कोणी उरतच नाही. कायद्याने सात सभासद मागितले, प्रत्येकाकडे किती भाग हवेत किंवा त्यांचा किती जीव धंद्यात असावा हे मागितलं नाही. जे कायद्यात लिहिलेलं नाही ते न्यायाधीशांनी त्यात घालायचं नाही. मॅक्नॉटन यांनी पुढे म्हटलं की प्रामाणिकपणे वागणारा सभासद कंपनीची डिबेंचर्स बाहेरच्या कुठल्याही धनकोइतक्याच हक्काने बाळगू शकतो.

त्याच निकालपत्रात त्यांनी एक खंतही नोंदवली. कंपनी बुडाली की डिबेंचरवाले येऊन सगळं झाडून नेतात, हे त्यांना लांच्छनास्पद वाटत होतं. अवसायनाच्या आधीच्या ठरावीक काळात ज्यांनी उधारीवर माल दिला त्यांना अग्रहक्क मिळायला हवा, असं त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या संसदेने कायदा करून कामगारांचे पगार आणि स्थानिक कर यांना तरत्या बोजाच्या पुढे जागा दिली. साध्या व्यापाऱ्यांसाठी तरत्या बोजाच्या पैशातून ठरावीक हिस्सा बाजूला काढण्याची तरतूद व्हायला २००२ चा कायदा यावा लागला.

वेगळी व्यक्ती म्हणजे खरोखर वेगळी

सॉलोमन निकालाचा फायदा सगळे सांगतात. त्याची दुसरी बाजू धंदेवाल्याला महागात पडते. आयर्लंडमध्ये मकौरा नावाच्या जमीनदाराने आपल्या जागेतलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं आणि विमा मात्र स्वतःच्या नावे ठेवला. १९२२ मध्ये आगीत लाकूड जळालं. १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की लाकूड कंपनीचं, त्यात भागधारकाचा विमायोग्य हितसंबंध नाही, विमा कंपनीने पैसे द्यायची गरज नाही. कंपनीचे सगळे भाग त्याचे होते हे काही कामी आलं नाही.

न्यूझीलंडमध्ये विमानातून शेतांवर खत फवारणाऱ्या लीच्या बाबतीत तेच तत्त्व कुटुंबाच्या बाजूने लागलं. कंपनीच्या ३,००० भागांपैकी २,९९९ त्याचे, तोच मुख्य चालक, आणि तोच कंपनीचा पगारी वैमानिक. १९५६ मध्ये विमान कोसळून तो गेला. १९६० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे न्यूझीलंडमधली अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या वरिष्ठ न्यायपीठाने, त्याला कंपनीचा कामगार मानून पत्नीला भरपाई मान्य केली. आपल्याकडे १९५४ मध्ये मुंबईच्या बच्चा गझदर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला: चहाच्या कंपनीचं उत्पन्न बहुतांशी शेतीचं असलं तरी भागधारकाला मिळणारा लाभांश शेतीचं उत्पन्न ठरत नाही, कारण कंपनीची मालमत्ता ही भागधारकाची मालमत्ता नाही.

तेव्हा कंपनी नोंदवली की विमा, भाडेकरार, परवाने, गाडीची कागदपत्रं, बँक खातं, सगळं तिच्या नावावर आणायचं. कंपनी उभी करून जुन्याच नावाने बिलं फाडणारे लोक बरेच भेटतात. त्यांना मालक आणि कंपनी यांच्यामधल्या भिंतीची सोय मिळत नाही आणि तिचा अडसर मात्र पूर्ण मिळतो. आणि कर चुकवण्यापुरतीच भिंत बांधली तर कोर्ट ती ओलांडतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या प्रकरणात हे केलं: प्राप्तिकर वाचवण्यासाठी उभारलेल्या त्यांच्या खासगी कंपन्यांना खरा धंदाच नव्हता.

हेच प्रकरण आज भारतात आलं असतं तर

सात सभासदांचा आटापिटा लागला नसता. खासगी कंपनीला दोन सभासद पुरतात, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एक व्यक्ती कंपनीलाही मान्यता दिली. लिंडली यांना जे खटकलं ते आता कायद्याच्या कलम २(६२) मध्ये लिहिलेलं आहे. फक्त मालकानंतर सभासद कोण होणार हे नामनिर्देशनाने आधीच सांगावं लागतं. २००८ च्या कायद्याने एलएलपीही हाताशी आली.

सॉलोमन यांनी यातला कुठला निवडावा? एक व्यक्ती कंपनी हा सर्वांत मोहात पाडणारा पर्याय ठरेल, आणि माझ्या मते तो सर्वांत चुकीचा. घर वाचेल, ताबा राहील, पण मुलं पुन्हा नोकरच. एलएलपीत मुलांना टक्केवारी देता येते आणि एका भागीदाराच्या गैरकृत्यासाठी दुसऱ्याचं घर जात नाही. मुलांपलीकडे कोणाचं भांडवल घ्यायचं नसेल तर मी एलएलपीच सुचवीन. इथे मात्र धंदा वाढवायचा आहे, पुढची पिढी वेगवेगळ्या वेगाने धंद्यात येणार आहे, कोणी बाहेर पडेल, कोणी पैसे घालेल. अशा घरासाठी खासगी मर्यादित कंपनी, आणि सोबत भागधारकांचा लेखी करार: कोणाला कधी किती भाग, बाहेर पडणाऱ्याचे भाग कोणी कुठल्या भावाने घ्यायचे. थोरल्याला पहिल्याच दिवशी दहा टक्के देऊनही सॉलोमन यांचा ताबा अबाधित राहिला असता.

किमतीचा प्रश्न आपल्याकडे करातूनही उभा राहतो. मालकीचा धंदा कंपनीला देताना होणाऱ्या भांडवली नफ्यावर कर लागू नये अशी सवलत १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४७ मध्ये घालून दिली गेली, पण अटींसह. धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे जायला हवीत. मालकाकडे निदान पन्नास टक्के मताधिकार हवा आणि तो पाच वर्षं टिकायला हवा. आणि मालकाला मोबदला मिळावा तो फक्त भागांच्या रूपात, दुसरा कुठलाही लाभ नाही. सॉलोमन यांनी घेतलेले हजार पौंड रोख आणि दहा हजारांची डिबेंचर्स यांनी ही सवलत बुडवली असती. कायद्याने घातलेली ही अट धंद्याच्या दृष्टीनेही योग्य आहे असं मला वाटतं: मालकाचा पैसा भाग म्हणून आत राहिला की पहिल्या वाईट वर्षात कंपनी श्वास घेऊ शकते.

मर्यादित जबाबदारीचं मात्र आज वेगळंच होतं. नव्या, लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. हमीवर सही केली की बँकेपुरती ती भिंत गेली. हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करण्याची २०१९ ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वैध ठरवली. म्हणजे कंपनीचं संरक्षण उरतं ते मुख्यतः माल पुरवणारे, भाडं घेणारे, भरपाई मागणारे यांच्यापुरतं. ते संरक्षण लहान नाही. सॉलोमन यांच्या प्रकरणात वाचले ते नेमके याच देण्यांतून. पण ज्याचा मोठा धनको फक्त बँकच आहे आणि हमी द्यावीच लागणार आहे, त्याने वर्षानुवर्षं ऑडिट आणि वार्षिक विवरणपत्रांचा खर्च करायचा तो कशासाठी, हे आधी तपासावं. अशांना मी काही काळ मालकीतच राहा असंही सांगितलं आहे.

राहिला प्रश्न त्या साडेसात हजारांच्या व्यापाऱ्यांचा. त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सांगण्यात आलं की तुम्ही मर्यादित कंपनीशी व्यवहार करत होता हे तुम्हाला ठाऊक होतं. पण गोदामातल्या सगळ्या मालावर आधीच बोजा आहे हे त्यांना सहज कळण्याजोगं नव्हतं. १८६२ च्या कायद्यात बोजांची नोंद कंपनीच्या स्वतःच्या वहीत होती, आणि सरकारी निबंधकाकडे तरता बोजा नोंदवण्याची सक्ती इंग्लंडमध्ये आली ती १९०० मध्ये. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे बोजा निर्माण झाल्यापासून तीस दिवसांत तो निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि नोंदवला नसेल तर अवसायक तो विचारात घेत नाही. ही नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधली की कोणालाही दिसते. एखाद्या कंपनीला मोठी उधारी देण्यापूर्वी ती उघडून बघावी: कुठल्या बँकेचा किंवा कुठल्या संचालकाचा, किती रकमेचा बोजा आहे, हे तिथे तारखेसकट लिहिलेलं असतं.